चार माणसं

"ताई, काळजीच करू नका. चार माणसं उभी करतो."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याचा हिशेब ठेवलेला नाही. इंदूरमध्ये जिथे जिथे पायऱ्या आहेत तिथे ते ऐकलंय, म्हणजे जवळपास सगळीकडे. गेल्या वर्षी ते आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाचे कार्यवाह बोलत होते, फोनवर. कोजागिरीचा कार्यक्रम होता. आधी तास-दीड तास गाणी, मग मसाला दूध. हॉलला पाच पायऱ्या. मी विचारलं होतं, "काका, रॅम्पचं काही झालं का?" त्यावर चार माणसं आली.

मराठीत चार माणसं फार कामाची. चार माणसांत उठता-बसता आलं पाहिजे, चार माणसं काय म्हणतील याचा विचार केला पाहिजे. आणि शेवटी चार माणसं कशाला लागतात तेही सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा असाच निरोप आला तेव्हा मी आईला म्हटलं, "इतक्यात कशाला? मला अजून वेळ आहे." ती दिवा लावत होती. हातातली काडी विझेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. तिन्हीसांजेला असलं बोलू नये हे मला कळतं, पण विनोद काही वेळ बघून सुचत नाही.

मी घरी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते, त्यामुळे हिशेब आपोआप होतो. माझी व्हीलचेअर बॅटऱ्यांसकट ५५ किलो. मी ५७. एकूण ११२, चौघांत वाटले तर माणशी २८. गॅसचा भरलेला सिलिंडर याहून थोडा जडच असतो आणि तो तर एकटा माणूस खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेतो. पण सिलिंडरला धरायला कडं असतं, आणि सिलिंडर घाबरत नाही.

खुर्चीला धरण्यासारखं फारसं काही नाही. लोक पहिल्यांदा पकडतात ते आर्मरेस्ट, कारण ते समोर दिसतं. ते काढता येतं, बाजूनं पलंगावर सरकता यावं म्हणून मुद्दाम तसंच केलेलं असतं. वर ओढलं की सुटून हातात येतं. दुसरी आवडती जागा पाय ठेवायच्या पट्ट्यांची. त्याही निघतात. धरायचं असतं ते खालच्या लोखंडी चौकटीला. त्यासाठी वाकावं लागतं, आणि मदतीच्या भरात वाकायचं कुणाला सुचत नाही.

मग ब्रेकची गंमत. साधी व्हीलचेअर मागून ढकलली की चालते. पॉवर व्हीलचेअर बंद केली की मोटरमधले चुंबकी ब्रेक आपोआप आवळतात आणि वीज मिळाली की सुटतात. म्हणून बंद खुर्ची ढकलायला गेलात तर ती जागची हलत नाही. "दीदी, जाम हो गई आपकी गाड़ी," असं म्हणून लोक आणखी जोर लावतात. ढकलायचीच असेल तर मागे दोन्ही मोटरींपाशी एकेक लाल दांडी आहे, ती फिरवायची. मग ब्रेक सुटतात, खुर्ची मोकळी होते, आणि उतार असेल तर तिला धरून ठेवणारं काही उरत नाही. लहान मुलांना ही दांडी फार आवडते.

खुर्ची नवी होती तेव्हा एका नात्यातल्या लग्नात चार माणसं उभी राहिली. सगळी घरचीच, विशी-बाविशीची, सकाळपासून पळापळ करून घामाघूम झालेली. मी खुर्ची बंद करायची विसरले. तिसऱ्या पायरीवर डावीकडच्या मुलाच्या हातात आर्मरेस्ट आलं. खुर्ची कलली. तोल सावरायला माझा उजवा हात घट्ट मिटला तो नेमका जॉयस्टिकवर, आणि अधांतरी असलेली चाकं फिरायला लागली. उजवीकडच्याच्या शर्टाचं टोक चाकात गेलं. बाकी काही झालं नाही. शर्ट फाटला. मी त्याला शर्टाचे पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. पंक्तीत सगळे हसत होते, मीही हसले, आणि तीन जण वेगवेगळे येऊन सांगून गेले, "मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही आहोत ना!"

बायकांना आणखी एक गोष्ट माहीत असते. चार जण उचलतात तेव्हा आठ हात असतात, घाईत ते कुठेही लागतात, आणि लागले तरी बोलायची सोय नसते, कारण बिचारे मदत करत असतात. त्या लग्नात कुणाच्या मनात काही नव्हतं. तरी घरी येऊन मी साडी सोडली ती पुन्हा कुठे उचलून जायच्या जागी नेसले नाही. त्या रात्री ठरवलं, आधी फोन करायचा, पायऱ्या विचारायच्या, आणि उचलून घ्यायचं नाही.

नाही म्हणणं सोपं होतं. त्यानंतरचं अवघड होतं. बोलावणी हळूहळू कमी झाली. "तिला कशाला त्रास," असं म्हणून लोक मलाच वाचवायला लागले.

मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायू वर्षावर्षानं दुबळे होत जातात. आज जे जमतं ते पुढच्या दिवाळीला जमेलच असं नाही. कॉलेजपर्यंत चालत होते, मग पडायला लागले, मग साधी व्हीलचेअर आली. हात चाकं फिरवण्याइतके कधीच बळकट नव्हते, म्हणून मागे कुणीतरी हवं. बाबा, दादा, वहिनी, सगळी मायेची माणसं. पण ढकलणारा जाईल तिथे आपण. खजुरी बाजारात पुस्तकांच्या दुकानापाशी काहीतरी दिसायचं, "थांब" म्हणायला मान वळवावी लागायची, गर्दीत मागच्याला ऐकू जायला हवं, तोवर दुकान मागे गेलेलं असायचं. दोनदा थांबवलं की तिसऱ्यांदा थांबवायला जीभ उचलत नाही. त्याचे पाय दुखत असतील, त्याला उशीर होत असेल. असं आठ वर्षं मी शहर बघितलं, दुसऱ्याच्या चालीनं.

पॉवर खुर्ची आली त्या आठवड्यात मी आमच्या रामबागेतून एकटी राजवाड्यापर्यंत गेले. आई गॅलरीतून दिसेनाशी होईपर्यंत बघत होती, हे मला मागे न बघता कळत होतं. राजवाड्यासमोर जाऊन मी जॉयस्टिक सोडली. जॉयस्टिक सोडली की खुर्ची थांबते, एवढंच. सात मजल्यांचा तो दरवाजा मी लहानपणापासून पाहिलाय, पण खालचे दगडी मजले कुठे संपतात आणि लाकडी कुठे सुरू होतात हे त्या दिवशी पहिल्यांदा सावकाश बघितलं. कबुतरं उडायची, बसायची. वीस मिनिटं मी काहीच केलं नाही. कुणाचे पाय दुखत नव्हते.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले, माझ्या मांडीवर दहाची नोट ठेवली, डोक्याला हात लावल्यासारखं केलं आणि मी तोंड उघडेपर्यंत गर्दीत गेले. ती नोट अजून माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आहे. तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

आई खुर्चीला "गाडी" म्हणते. दसऱ्याला दादाच्या स्कूटरबरोबर तिलाही झेंडूचा हार पडतो. पहिल्या वर्षी आईनं जॉयस्टिकलाच हळदकुंकू वाहिलं, ते रबराच्या खालून आत गेलं, आणि खुर्ची दोन दिवस नुसती उजवीकडे वळत होती. आता ती कुंकू बॅटरीच्या खोक्याला लावते. रात्री चार्जर लावायचा, सकाळी लाल दिव्याचा हिरवा झाला की दिवस सुरू. उन्हाळ्यात वादळ येऊन रात्री वीज गेली की मी घड्याळ बघत पडून राहते. लोकांना वाटतं हिला पंख्याविना झोप येत नाहीये.

इंदूरच्या स्वच्छतेचं कौतुक मला इतरांपेक्षा जरा जास्त आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षं आमचा पहिला नंबर, आणि सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आल्याशिवाय इथे कुणाचा चहा उतरत नाही. पण मला कौतुक आहे ते वेगळ्या कारणानं. तुम्ही रस्त्यावरून घरी येता आणि चपला दारात काढता. माझी चाकं मला काढता येत नाहीत. रस्ता जसा असेल तसा तो माझ्याबरोबर घरात येतो, स्वयंपाकघरात, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. आई दारात ओलं फडकं घेऊन उभी असते. मी खुर्ची वीतभर पुढे घेते, ती पुसते, पुन्हा वीतभर, पुन्हा पुसते. चार चाकांचे सगळे वेढे पुसून झाले की "ये" म्हणते. दुसऱ्या एखाद्या शहरात राहिले असते तर माझ्या आईची कंबर कधीच गेली असती.

फुटपाथ मात्र माझ्या उपयोगाचे नाहीत. चढायला जागा असते तिथे उतरायला नसते, आणि मधे दुचाकी येऊ नये म्हणून रोवलेले खांब खुर्चीलाही जाऊ देत नाहीत. मग मी रस्त्याच्या कडेनं, ताशी पाच-सहा किलोमीटरच्या वेगानं, ई-रिक्षांच्या शिव्या खात जाते. बसल्या जागेवरून सगळं शहर कंबरेच्या उंचीचं दिसतं. पट्टे, पिशव्या, लोंबणारे मोबाइल, कोपरं. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याची लागतात तेव्हा मला कढया खालून दिसतात, गराडूचा कंद तळणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, मी वर्षानुवर्षं पाठींच्या फटींतून बघते.

एक काळ असा होता की शहरात एका बसमध्ये मी स्वतःच्या चाकांवर चढत असे. २०१३ मध्ये आयबस सुरू झाली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर. स्टेशनचा ओटा आणि बसचं जोतं एका उंचीला. पहिल्यांदा मी सरळ आत गेले तेव्हा आजूबाजूच्या कुणाचं लक्षही गेलं नाही. ते लक्ष न जाणं मला इतकं आवडलं की मी शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले आणि तशीच परत आले. तिच्या राखीव मार्गिकेमुळे, म्हणजे कॉरिडॉरमुळे, रहदारी तुंबते ही तक्रार जुनीच होती. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो काढायला घेतला. वाहतुकीचं गणित मला कळत नाही असं नाही, पण त्या चर्चेत "जोतं एका उंचीला" हे शब्द मी एकदाही ऐकले नाहीत. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, सुपर कॉरिडॉर नावाच्या रस्त्यावर. लिफ्टनं वर जायचं, सरळ डब्यात. फक्त रामबागेतून तिथवर पोचायचं कसं, हा प्रश्न आहे.

बँकेचं सांगते. नाव सांगत नाही, कारण उद्या दुसरीतही हेच होईल.

माझं खातं असलेली शाखा पहिल्या मजल्यावर गेली. लिफ्ट नाही. केवायसीसाठी बोलावणं आलं म्हणून मी पुतण्याला घेऊन गेले. शिपाई खाली आला आणि त्यानं पुतण्याला विचारलं, "मैडम साइन कर लेती हैं?" मी त्याच्यापासून दोन फुटांवर होते. पुतण्या तेव्हा चौदाचा असेल. तो म्हणाला, "उन्हीं से पूछ लीजिए." मग एक अधिकारी स्वतः खाली आले. अतिशय सभ्य. फाइल एका स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि पार्किंगमध्ये उभ्यानं मला विचारायला लागले. उत्पन्न किती, एफडी किती, वारस कोण. पार्किंगवाला ऐकत होता. शेजारचा पानवाला कात लावता लावता थांबला होता. सही झाल्यावर साहेब मनापासून हसून म्हणाले, "देखिए, आपके लिए तो बैंक ही नीचे आ गया."

त्यांच्या चांगुलपणात काही खोट नव्हती. तिथेच तर अडचण आहे. उद्धट माणसाशी भांडता येतं. जो तुमच्यासाठी जिना उतरून आलाय त्याला कसं सांगायचं की माझ्या पैशांचा आकडा आता पानवाल्याला माहीत झाला?

"अगली बार किसी को भेज दीजिए, आप क्यों तकलीफ करती हैं," असं पुढच्या वेळी ऐकलं आणि मी अर्ज लिहायला बसले. अर्ज लिहायला बाबांनी शिकवलेलं. "सेवा में, श्रीमान" पासून "आपकी असीम कृपा होगी" पर्यंत. पहिला मसुदा वाचला तर मी कर्ज मागतेय असं वाटत होतं. "कृपा" काढली तर कागद उद्धट दिसायला लागला. ठेवली तर माझं मलाच ओशाळं वाटायला लागलं की ही बाई कुणाच्या पाया पडतेय. मराठीत विनंती, निवेदन आणि मागणी असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत यायला मला तीन अर्ज आणि आठ महिने लागले. तिसऱ्यात मी कृपेच्या जागी कायद्याचं कलम लिहिलं.

कायदा वाचताना मला गणितवाल्याचा आनंद झाला. त्यात मुदती होत्या, आकडे होते. २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा म्हणतो की जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्यात. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे जून २०२२. मी तो दिवस कॅलेंडरवर शोधला आणि हसले. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं म्हटलं की त्या नियमांतला सुगमतेचा नियमच चुकीचा आहे, कारण तो कायद्याला शिफारशीच्या भाषेत नेऊन ठेवतो, आणि सरकारनं तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. निकालाची बातमी वाचून मला एकदम आमचे कार्यवाह काका आठवले. "करू या ना ताई, बघू," ही शिफारशीची भाषा मला चांगली येते.

बँकेत काय झालं? जिन्याखाली एक टेबल आलं. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते एक. मी दोन महिन्यांतून एकदा जाते. एरवी तिथे पेन्शनवाल्यांची रांग असते. एक आजोबा मला समजावून सांगत होते, बँकेनं हे फार चांगलं केलं, त्यांना आपणहून सुचलं.

पाहुणा मोठा असला की रॅम्प एका रात्रीत होतो, हेही खरं. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले होते. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर बघायचं होतं. दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणारे जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्यानं तिथे लाकडी रॅम्प बसवले. स्वतः अबिदीही व्हीलचेअर वापरत. हॉकिंगना उचलायला कुणी चार माणसं उभी केली नाहीत. करायची म्हटली असती तर मिळाली नसती का?

२०२४ च्या लोकसभेला ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत द्यायची सोय झाली. फॉर्म १२-डी भरायचा, मतदान पथक घरी येतं. ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मी तो भरला नाही. १३ मे, इंदूरचं ऊन, आणि मी शाळेच्या आवारात रांगेत. मागची बाई म्हणाली, "तुमचं बरं, बसायला मिळालंय." मला तिचा राग आला नाही. तिला रांगेतला शेजारी मिळाला होता आणि मला मागे उभी असलेली बाई. बोटाला शाई लावून घ्यायला मी हात वर करू शकत नाही, तर त्या मुलीनं बाटली खाली आणली. शाळेचा रॅम्प पक्का होता. आता तिथून मुलं सायकली चढवतात.

बाहेर जायचं तर मी आदल्या रात्रीपासून पाणी मोजून पिते. याबद्दल इतकंच. जिथे तीस इंचांची दारं असतात तिथेही बाथरूमचं दार चोवीसचं असतं, आणि माझी खुर्ची पंचवीसची.

तर कोजागिरी. मी काकांना म्हटलं, "चार माणसं नकोत, मी येत नाही." त्यांना वाटलं मी रुसले. मंडळात बातमी गेली, ताई रागावल्या. आईला मी जायला लावलं. रात्री साडेअकराला ती परत आली, स्टीलच्या डब्यात माझ्या वाटणीचं दूध घेऊन. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "गाणारी मुलगी चांगली होती." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "पाचच पायऱ्या आहेत गं." दूध गार झालं होतं. मी ते प्यायले, आणि त्यात केशर जास्त झालंय म्हणाले. आम्ही दोघी त्यापलीकडे गेलो नाही.

जानेवारीत काकांनी मोबाइलवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, रॅम्प तयार!" सहा फुटांची एक फळी पायऱ्यांवर टेकवलेली होती, वर हिरवा गालिचा. मी तो फोटो दहावीच्या मुलांना दिला. पायऱ्यांची उंची तीस इंच धरा, फळी बहात्तर इंच, कोन काढा. त्यांनी काढला. साधारण पंचवीस अंश. मग मी सांगितलं की सरकारी मानकाप्रमाणे उंची एक तर लांबी बारा. त्याचा कोन पाच अंशांच्याही आत येतो. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मिस, ये तो फिसलपट्टी है." मी वहीच्या त्या पानाचा फोटो काकांना पाठवला.

आठवडाभर काही नाही. मग फोन. "ताई, अडीच फुटाला तीस फूट. आणायचे कुठून? अंगणच आपलं बावीस फूट आहे."

हा पहिला खरा प्रश्न होता. इतकी वर्षं मी रॅम्प म्हणत होते आणि समोरून माणसं येत होती, त्या दिवशी पहिल्यांदा समोरून फूट आले. मी म्हटलं, "काका, काटकोनात वळवू. वळणावर पाच बाय पाचची सपाट जागा सोडू. मी टेप घेऊन येते."

टेप माझ्या पिशवीत कायम असते. एका रविवारी सकाळी, पोहे खाऊन, आम्ही हॉलवर गेलो. टेपचं एक टोक पुतण्याकडे, दुसरं काकांकडे. काका अडुसष्ट वर्षांचे, धोतर नाही पण धोतरातलेच गृहस्थ. ते गुडघे टेकून प्रत्येक पायरी मोजत होते आणि खडूनं आकडा लिहीत होते. सहा, सहा, साडेसहा, सहा, साडेसहा. "अरे, एकसारख्या नाहीतच की!" बांधकाम झालं तेव्हापासून, म्हणजे पंचवीस वर्षं, कंत्राटदारानं आपल्याला फसवलं होतं हे कळल्यावर ते एकदम ताजेतवाने झाले. "तरीच! तरीच जोशीबाई दर वेळी चौथ्या पायरीवर अडखळतात!" एकूण एकतीस इंच. म्हणजे एकतीस फूट. त्यानंतर त्यांना रॅम्प माझ्यासाठी करायचा नव्हता, त्या कंत्राटदाराला दाखवून द्यायचं होतं. माझी काहीच हरकत नव्हती.

कार्यकारिणीत एकानं विचारलं म्हणे, "एका माणसासाठी एवढा खर्च?" तिथल्या एका आजी म्हणाल्या, "माझे दोन गुडघे धरा, तीन होतील." वर्गणी निघाली. काम गणपतीत सुरू होणार होतं, ते नवरात्रात झालं. सिमेंट ओलं असताना त्यावरून एक कुत्रं गेलं. त्याची पावलं अजून आहेत.

दिवाळी पहाटेला पाचचा कार्यक्रम. मला तयार व्हायला दीड-दोन तास लागतात, म्हणून मी तीनला उठले. उटणं, स्नान, आणि कितीतरी वर्षांनी साडी. पदर चाकात जाऊ नये म्हणून वहिनीनं दोन ठिकाणी पिना लावल्या. आईनं ओलं फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतलं, आत सतरंजीची बैठक होती म्हणून. रस्ता रिकामा, थंडी, खुर्चीचे सगळे दिवे हिरवे. हॉलपाशी आलो तर आतून तानपुरा लावल्याचा आवाज येत होता.

रॅम्पला पिवळा कठडा होता. दोन्ही बाजूंनी. आणि खालपासून वळणापर्यंत, वळणापासून दारापर्यंत, सगळ्या एकतीस फुटांवर चपला होत्या. नीट, जोडीजोडीनं, भिंतीकडे टाचा करून लावलेल्या. पायऱ्यांवर गर्दी होते, ही लांब मोकळी जागा बरी, असं पहिल्या आलेल्या माणसाला वाटलं असणार.

दारात नेहमीची चार मुलं उभी होती. झब्बे घातलेली, बाह्या सरसावलेली. मला बघून चौघं खाली धावत आली.

"ताई, उचलायचं ना?"

"हो," मी म्हटलं. "चपला."

चौघं एकमेकांकडे बघून वाकले.